माळावरचे काळवीट आणि रायफलीची गोळी

निफाडच्या पूर्वेस येवल्याकडील माळरानावर काळवीट आजही आढळते. झाडीचा आडोसा त्याला नको असतो. दूरवर पोहोचणारी दृष्टी आणि विलक्षण वेग हेच त्याचे संरक्षण. काळ्या दारूच्या काळात ते पुरेसे होते. मार्टिनी-हेन्री रायफलीची जाड, जड गोळी सेकंदास सुमारे १३५० फूट वेगाने जाई व लांब पल्ल्यावर झपाट्याने खाली येई. अंतराचा अंदाज चुकला की सावज निसटलेच.

१८८८ साली ब्रिटिश सैन्याने ०.३०३ इंची बोअर, म्हणजे आपली ‘थ्री-नॉट-थ्री’, स्वीकारली. पुढे धूरविरहित कॉर्डाइट दारू आली आणि या बारीक गोळीचा वेग सुमारे २००० फुटांवर गेला. दाट जंगलात चितळ जवळूनच टिपले जाई, तेथे हा फरक किरकोळ होता. उघड्या माळावर मात्र काळविटाचा आसराच गेला. लष्करी काडतूस खाजगी हाती नको, म्हणून ०.३०३ वर निर्बंध आले आणि शिकाऱ्यांकडे ०.३१५ बोअर आली. इशापूरच्या सरकारी कारखान्यात तशा रायफली बनत. या दोहोंत सरस कोणती, हा वाद मला तरी पोकळ वाटतो. काळविटाला दोन्ही पुरून उरत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही शिकार गुन्हा ठरली. येवला तालुक्यातील ममदापूरचे संवर्धन राखीव क्षेत्र आज काळविटांसाठी राखलेले आहे. उन्हाळ्यात पाण्यासाठी त्यांचे कळप शेतशिवारापर्यंत येतात.