इंजिन बांधायचे की बदलायचे?

महिंद्राची जुनी जीप समोरून पाहिली की आधी नजरेत भरते ते तिचे उंच कपाळ. दिवे खाली आणि त्यांच्या वर बॉनेटचा फुगवटा. ही ठेवण शोभेसाठी कुणाला सुचलेली नाही. 1953 साली अमेरिकेत विलीज कंपनीने आपल्या जीपमधले जुने सपाट डोक्याचे इंजिन काढून तिथे ‘हरिकेन’ बसवले. बोअर 3⅛ इंच आणि स्ट्रोक 4⅜ इंच, दोन्ही पूर्वीचेच राहिले. फक्त इनलेट व्हॉल्व्ह ब्लॉकमधून उचलून हेडमध्ये नेले. त्याने ताकद वाढली आणि उंचीही वाढली. जुन्या बॉनेटखाली इंजिन मावेना, म्हणून बॉनेटच वर चढवले. मुंबईत 1949 पासून जीप जोडणाऱ्या महिंद्राने पुढे हेच मॉडेल उचलले आणि अमेरिकेतले उत्पादन थांबल्यावरही कितीतरी वर्षे चालवले. म्हणजे आज ज्या चेहऱ्याला ‘ओरिजिनल’ म्हणून डोक्यावर घेतले जाते, तो मुळात इंजिन बदलल्याचीच खूण आहे. जुन्या जीपचे इंजिन बांधावे की दुसरे बसवावे, या वादात निष्ठा आणि भ्रष्टतेची भाषा फार चालते. बीड जिल्ह्यातला जीपचा इतिहास पाहिला तर ती भाषा निरुपयोगी ठरते. तिथे हा निर्णय जीपला कोणते काम आहे यावर होत आला. 1973 नंतरची पंचवीस-तीस वर्षे इंजिन बदलणे शहाणपणाचे होते, आणि ज्या कारणांनी ते शहाणपणाचे होते त्याच कारणांनी आज ते बहुतेक वेळा चुकीचे आहे.

बीड शहरातून प्रवासी रेल्वे सुटली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. त्याआधी परळी-घाटनांदूरचा कोपरा आणि अगदी अलीकडे आष्टीची बाजू सोडली, तर जिल्ह्याची सगळी ये-जा रस्त्यावर होती. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्यानेच 1932 मध्ये मोटारसेवा सुरू केली होती. पुढे महाराष्ट्रात एसटी आली. पण एसटी जायची ती डांबरी रस्त्यापर्यंत. बालाघाटाच्या माथ्यावरच्या पाटोदा, धारूर, केजच्या वाड्या-वस्त्यांना लागायचे ते चारही चाकांना जोर देणारे वाहन. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, पंचायत समित्या आल्या, आणि गटविकास अधिकाऱ्याच्या कचेरीसमोर जीप उभी राहू लागली. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून, माती टाकून जे रस्ते झाले, त्यांवर कामांची पाहणी करायची तर जीपशिवाय गत्यंतर नव्हते. सरकारी जीपचे निर्लेखन झाले की ती लिलावात निघायची आणि कंत्राटदाराच्या, बागायतदाराच्या किंवा भाडे मारणाऱ्याच्या दारात जायची. लिलावातली जीप स्वस्त मिळण्याचे कारण उघड होते. तिचे इंजिन थकलेले असायचे. त्यामुळे बांधायचे की बदलायचे हा प्रश्न खरेदीबरोबरच घरात यायचा.

त्याच सुमारास जगात तेलाचा भडका उडाला. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि तीन डॉलरच्या आसपास असलेले पिंप जानेवारी 1974 पर्यंत बारा डॉलरकडे गेले. भारतात पेट्रोलला चैनीची वस्तू मानून त्याचा भाव चढू दिला गेला, डिझेलला मात्र शेती आणि मालवाहतुकीच्या नावाने सांभाळले. ही दरी बीडच्या जीपवाल्याने जन्माला घातली नव्हती. त्याने तिच्याशी हिशेब जुळवला, एवढेच. आणि त्याच्याआधी तो खुद्द कंपनीने जुळवला. 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर महिंद्राने ट्रॅक्टरचा कारखाना काढला होता. त्या बी-275 ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपच्या उंच बॉनेटखाली आले. मग 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी परवान्याचा करार झाला आणि एक्सडीपी 4.90 इंजिन आले. नावातच त्याची कुंडली आहे: चार सिलिंडर, 90 मिलिमीटर बोअर, एकूण 2112 सीसी. अंग अमेरिकन, काळीज आधी ट्रॅक्टरचे आणि मग फ्रेंच, अशी गाडी कारखान्यातूनच बाहेर पडत होती. मग जुन्या पेट्रोल जीपमध्ये तेच इंजिन घालणाऱ्या बीड-अंबाजोगाईच्या मिस्त्रीला ‘जुगाड’ म्हणून हिणवायचे कशासाठी?

त्या काळात इंजिन बांधणेही सोपे नव्हते, आणि खर्चाचा आकडा हे त्याचे एक कारण. बांधणे म्हणजे इंजिन उतरवायचे, ब्लॉक लेथवर नेऊन बोअर मारायचा, पिस्टन-रिंगा वाढीव मापाच्या घालायच्या, क्रँक घासून घ्यायचा, बेअरिंग बदलायचे, व्हॉल्व्हच्या सीट कापायच्या. दर वेळी बोअर मोठा होतो. 20, 30, 40 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) झाले की पुढे स्लीव्ह ठोकण्यावाचून मार्ग उरत नाही. हे सगळे करून हाती काय, तर पुन्हा पेट्रोल पिणारेच इंजिन. इथे आकडे मांडलेलेच बरे. समजा पेट्रोल जीप लिटरला 8 किलोमीटर देते आणि डिझेल 12. भाड्याची गाडी रोज 100 किलोमीटर, वर्षाला 300 दिवस धावली तर पेट्रोल 3750 लिटर लागते, डिझेल 2500. भावातला फरक बाजूला ठेवला तरी 1250 लिटर वाचले, आणि वाचलेले लिटर महाग इंधनाचे. इंजिनाची किंमत किती लवकर वळती होत असेल हे वेगळे सांगायला नको. दुसरी गोष्ट ज्ञानाची. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाने आणि ट्रॅक्टरने मराठवाड्यात डिझेलचा मिस्त्री तयार केला होता. नोझल तपासणे, पंपाचे टायमिंग लावणे, एअर काढणे हे गावोगाव येत होते. इंटरनॅशनल इंजिनाचे पार्ट तर ट्रॅक्टरच्या दुकानातच मिळायचे. कार्ब्युरेटर आणि डिलकोचा (डिस्ट्रिब्युटरचा) जाणकार त्या मानाने विरळ.

यावर एक आक्षेप वजनदार आहे, शब्दशः वजनदार. डिझेल इंजिन जड, त्यामुळे पुढचे पाटे दबतात, स्टिअरिंग ओढते. थरथरीने चेसिसचे रिव्हेट ढिले होतात. तीन गिअरची जुनी पेटी पेट्रोलच्या वेगाला बेतलेली, आणि मागच्या हौसिंगमधले दातेही 5.38 चे, म्हणजे वरच्या गिअरमध्येही चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाने सव्वापाच फेऱ्यांहून अधिक घ्यायच्या. कमी फेरे घेणारे ट्रॅक्टरचे इंजिन तिथे जोडले की सपाट रस्त्यावर गाडी रडते. हे सारे खरे आहे. पण मांजरसुंबा किंवा धारूरच्या घाटात दहा-बारा माणसे, दोन पोती आणि एक शेळी घेऊन चढणाऱ्या गाडीला सपाटीवरचा वेग हवा होता कुठे? काळी-पिवळीच्या धंद्यात वेगापेक्षा फेरी पुरी होणे महत्त्वाचे. (ती वाहतूक बहुतांशी नियमाबाहेरची होती आणि तिचे अपघातही झाले. ते पाप मात्र इंजिनाच्या माथी मारता येणार नाही, ते कोंबलेल्या माणसांचे होते.) वाईट जोडणीही होत असे. नवे इंजिन जुन्या पेटीला जोडणारी अडॅप्टर प्लेट तिरकी बसली की क्लच प्लेट आणि गिअर बॉक्सचा शाफ्ट दोन्ही झिजतात. तो दोष कारागिराचा आहे, त्यावरून निर्णयच चुकीचा होता असे ठरत नाही.

मग बदलले काय? जवळजवळ सगळेच. पेट्रोलचा भाव जून 2010 मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटला, आणि दोहोंमधली ती जुनी दरी उरली नाही. जुनी जीप कामातून सुटली. ती जागा पिकअपने आणि बोलेरोने घेतली. आज बीडमध्ये कुणी पेट्रोल जीप राखली असेल तर ती हौसेची, शेतावर चक्कर मारण्याची, लग्नाच्या वरातीत नवरदेव बसवण्याची. तोच हिशेब आता मांडा. वर्षाला 1500 किलोमीटर धरले तर पेट्रोल सुमारे 188 लिटर, डिझेल 125. वाचतात 63 लिटर. त्यासाठी इंजिन, प्लेट, रेडिएटर, सेल्फ आणि पाटे बदलणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कायदाही आता पूर्वीसारखा सैल राहिलेला नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सन 2000 मध्ये कडक झाले. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. एमएच-23 असो की अंबाजोगाईची एमएच-44, नोंदणीचे नूतनीकरण करताना आरसीवरचे इंधन आणि बॉनेटखालचे इंधन जुळावे लागते. शिवाय 2021 पासून 50 वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसेल तरच. अशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही आणि भाड्याने लावता येत नाही. हौशी माणसाला ही अट जाचक वाटू नये.

उरला पार्टचा आक्षेप: हरिकेनचे पिस्टन, गॅस्केट आता मिळतात कुठे? बीडच्या दुकानात विचारले तर बहुधा नाहीच म्हणतील. पण ही जीप भारतात, अमेरिकेत, जपानात वर्षानुवर्षे बनली, आणि तिच्या हौशी लोकांमुळे सुटे भाग अजून घडवले जातात. वाट पाहावी लागते. रोजच्या फेरीवर पोट असलेल्याला ही वाट परवडली नसती. वर्षातून दोनदा वरातीला जाणाऱ्या गाडीला परवडते. अपवाद एकच धरावा. ब्लॉकला तडा गेला असेल किंवा स्लीव्हलाही भिंत उरली नसेल, तर बांधण्याचा हट्ट सोडावा. तेव्हाही भंगारात त्याच जातीचे, त्याच मापाचे दुसरे इंजिन शोधावे, आणि बसवायच्या आधी त्याच्या खरेदीची पावती हाती घेऊन आरटीओत जाऊन यावे.