कंटेनर टर्मिनलची लघुरेल्वे

आधुनिक मालवाहतूक टर्मिनलचे कामकाज टेबलाएवढ्या जागेत चालते करून दाखवणारी प्रमाणबद्ध रेल्वे प्रतिकृती. रूळ, सांधे, इंजिन, वाघिणी, यारी, कंटेनरांच्या थप्प्या आणि ट्रकचा रस्ता हे तिचे मुख्य घटक होत. लघुरेल्वेचा छंद ब्रिटनमध्ये खोलवर रुजलेला असल्याने या नोंदीत तेथील टर्मिनल नमुना म्हणून घेतले आहे.

पार्श्वभूमी : १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर नेले. आधुनिक कंटेनर-वाहतुकीचा आरंभ सामान्यतः येथून मानतात. ब्रिटिश रेल्वेने १९६५ मध्ये फ्रेटलायनर सेवा सुरू केली आणि मालगाडीचे कामच पालटले. जुन्या मालयार्डात एकेक वाघीण तोडून-जोडून हव्या त्या रुळावर लावावी लागे. ॲलन राइट यांची ‘इंगलनुक सायडिंग्ज’ ही प्रसिद्ध छोटी मांडणी याच शंटिंगवर आधारलेली आहे. तीत ५, ३ व ३ वाघिणी मावतील असे तीन रूळ असून ८ वाघिणींमधून ५ वाघिणींची गाडी ठरलेल्या क्रमाने जुळवायची असते. असे ६,७२० क्रम संभवतात. कंटेनरगाडी मात्र सबंध येते आणि सबंध जाते. वाघिणी जागच्या जागी राहतात, बदलतात त्या पेट्या. आधुनिक टर्मिनलची प्रतिकृती जिवंत वाटायची असेल, तर तिची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती झाली पाहिजे.

प्रमाण व जागा : ब्रिटनमध्ये ओओ (१:७६.२, रुळांतील अंतर १६.५ मिमी.) आणि एन (१:१४८, ९ मिमी.) ही प्रमाणे रूढ आहेत. ४० फुटी कंटेनर ओओमध्ये १६० मिमी., तर एनमध्ये सुमारे ८२ मिमी. लांब होतो. ७७५ मी. लांबीची खरी गाडी ओओमध्ये १० मी.हून अधिक आणि एनमध्येही सव्वापाच मी. भरेल. म्हणून लहान प्रतिकृतीत टर्मिनलचे एकच टोक निवडतात आणि गाडी आखूड करतात. एन प्रमाणात ‘क्लास ६६’ डिझेल इंजिन सुमारे १४५ मिमी. लांब असते. त्यामागे ६० फुटी चार वाघिणी जोडल्या की गाडी सुमारे ७० सेंमी. होते. दोन मीटर लांब व ४० सेंमी. रुंद फळी तिला पुरते : १२० सेंमी. दर्शनी टर्मिनलसाठी आणि ८० सेंमी. पडद्यामागच्या फिडल यार्डासाठी. बाहेरचे सारे रेल्वेजाळे या यार्डात सामावलेले असते. गाड्या तेथून येतात आणि तेथेच परततात. दोहोंमधील भिंतीचे भोक झाकायला रस्त्याचा पूल उपयोगी पडतो.

रुळांची मांडणी : दोन समांतर रूळ लागतात, एक भरणीचा व दुसरा इंजिनाला वळसा घेऊन गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाण्यासाठी. गाडीचे ७० सेंमी., दोन सांध्यांचे प्रत्येकी सुमारे १२ सेंमी. आणि शेवटच्या सांध्यापलीकडे इंजिन उभे राहण्यासाठी १८ सेंमी. मिळून ११२ सेंमी. होतात. जागा असल्यास नादुरुस्त वाघिणीसाठी आखूड तिसरा रूळ घालतात. यारी वरून पेट्या उचलत असल्याने भरणीच्या रुळावर विजेच्या तारा नसतात. डिझेल इंजिन येथे शोभते ते यामुळेच. इंजिन संथ चालावे म्हणून सांध्याच्या क्रॉसिंगलाही वीजपुरवठा असावा. एकाच इंजिनासाठी १२ व्होल्टचा साधा कंट्रोलर पुरतो. दोन इंजिने स्वतंत्रपणे हाकायची असल्यास डीसीसी ही डिजिटल पद्धत सोयीची ठरते.

जमीन व यंत्रे : टर्मिनलची जमीन सपाट काँक्रीटची असते. रुळांच्या मधली जागा पुठ्ठ्याने किंवा प्लास्टरने भरताना ती रुळाच्या माथ्यापेक्षा किंचित खाली ठेवावी, म्हणजे चाकांच्या कडा अडत नाहीत आणि रूळ पुसता येतात. पिवळे पट्टे, टायरचे काळे माग, तेलाचे डाग, हायमास्ट दिवे आणि लोखंडी कुंपण यांनी जागेला ओळख येते. रूळ व ट्रकची मार्गिका दोन्ही कवेत घेणारी गॅन्ट्री यारी किंवा पेट्या उचलून रचणारे रीच स्टॅकर वाहन हे दृश्याचे केंद्र होय. फेलिक्स्टो किंवा साउदॅम्प्टनसारख्या बंदरापेक्षा १९९७ मध्ये सुरू झालेल्या डॅव्हेंट्रीसारखे देशांतर्गत टर्मिनल लहान जागेत बसवणे सोपे, कारण तेथे जहाज दाखवावे लागत नाही.

चालवणे : गाडी येते, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जाते, पेट्या उतरतात, नव्या चढतात आणि गाडी निघते. यासाठी कंटेनर वाघिणींना चिकटवू नयेत. छताच्या आतून लोखंडी पत्रा लावल्यास काडीला बसवलेल्या लहान चुंबकाने ते अलगद उचलता येतात. मात्र रिकाम्या वाघिणी हलक्या होऊन घसरतात, म्हणून वजन वाघिणीतच घालावे. ८.५ फूट व ९.५ फूट उंचीच्या पेट्यांमधील फरक एन प्रमाणात अवघा २ मिमी. असला, तरी थप्पीत तो डोळ्यांना जाणवतो आणि खरेपणा आणतो.

भारतीय संदर्भ : पुण्यातील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे (१९९८) मराठी प्रेक्षकांना हा छंद परिचित आहे. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर अशा प्रतिकृतीसाठी उत्तम विषय आहे. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी. असल्याने एचओ प्रमाणात (१:८७) रुळांतील अंतर १९.३ मिमी. हवे, पण तयार रूळ १६.५ मिमी.चे मिळतात आणि बहुतेक हौशी मंडळी तेच स्वीकारतात. भारतीय कंटेनर-वाघिणीवर ४० फुटी एक किंवा २० फुटी दोन पेट्या मावतात. त्यामुळे अशा तीन-चार वाघिणींची आखूड गाडीही पेट्यांची भरपूर अदलाबदल करू देते, आणि नवशिक्याने सुरुवात तेथूनच करावी.