मेरी ॲन बग
थंडरबोल्टची 'सोबतीण' एवढीच जिची ओळख उरली, ती मेरी ॲन बग (१८३४–१९०५). आई वोरिमी आदिवासी, वडील इंग्लंडहून पाठवलेले कैदी. तिला लिहिता-वाचता येई. थंडरबोल्ट म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधला लुटारू फ्रेडरिक वॉर्ड. तो वर्षानुवर्षे पोलिसांना चुकवू शकला, यामागे तिचे रानाचे ज्ञान होते. अन्न ती मिळवी, बातम्या ती काढी, मुलेही तीच सांभाळी. १८६६मध्ये तिला 'भटकी' ठरवून तुरुंगात धाडले, तेव्हा प्रकरण थेट विधिमंडळात गेले.

कॉकाटू बेटावरच्या तुरुंगातून वॉर्डला सोडवायला ती तिथे पोहत गेली, ही मात्र दंतकथा.

लुटारूची अशीच सोबतीण असलेल्या टास्मानियातल्या मेरी कॉकरिलचीही आठवण ठेवायला हवी. १८१७मध्ये सैनिक मागावर असताना लुटारू मायकेल हाउने आपल्या या आदिवासी साथीदारणीवरच गोळी झाडली. पुढे तिनेच सैनिकांना त्याचा माग काढून दिला.