सडलेलं मांस सहज पचवणारं गिधाड एका वेदनाशामक औषधापुढे कसं हरलं?

‘गिधाडासारखे तुटून पडले’ असं आपण लोभी माणसांना नावं ठेवताना अगदी सहज म्हणतो. पण ज्याच्या नावाचा आपण असा उद्धार करतो, त्या पक्ष्याचं शरीर समजून घेतलं तर थक्क व्हायला होतं. आपण नाकाला रुमाल लावून ज्याच्यापासून दूर पळू, ते मांस गिधाड पोटभर खातं आणि खुशाल उडून जातं!

मग असा दणकट पक्षी १९९० च्या दशकात भारताच्या आकाशातून दिसेनासा का झाला? चला, जाणून घेऊया.

पंख न हलवता तासन् तास

आपल्याकडच्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचे पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन मीटरच्या आसपास भरतात. सकाळी ऊन तापलं की जमिनीजवळची हवा गरम होऊन वर चढते. गिधाड या हवेवर स्वार होऊन गोल गोल घिरट्या घालत उंच जातं. पंख फडफडवावे लागत नाहीत, त्यामुळे ताकद वाचते. पुढचं जेवण कधी मिळेल याची शाश्वती नसलेल्या पक्ष्यासाठी ही बचत फार मोलाची असते.

गिधाडं किती उंच जाऊ शकतात? २९ नोव्हेंबर १९७३ रोजी पश्चिम आफ्रिकेतल्या आबिजान शहरावर सुमारे ३७,००० फुटांवर एक पक्षी विमानाला धडकला. तो रुपेल जातीचा गिधाड होता! इतक्या विरळ हवेतही ऑक्सिजन पकडून ठेवणारं हिमोग्लोबिन या जातीच्या रक्तात असतं.

नजर एकाची, जेवण सगळ्यांचं

अमेरिकेतलं टर्की गिधाड वासावरून मेलेलं जनावर शोधतं. आपली गिधाडं मात्र नजरेवर विसंबून असतात. ती खालच्या जमिनीवर लक्ष ठेवतात आणि एकमेकांवरही! एक गिधाड खाली झेपावलं की दूरवरचं दुसरं ते पाहून निघतं, त्याच्यामागे तिसरं. म्हणूनच रिकाम्या दिसणाऱ्या आकाशातून बघता बघता डझनावारी गिधाडं उतरतात.

टकलाचं गुपित

गिधाडाच्या डोक्यावर आणि मानेवर पिसं जवळपास नसतात. जनावराच्या पोटात मान खुपसून खाताना रक्तमांस पिसांना चिकटू नये म्हणून ही सोय, असं पूर्वीपासून मानलं जातं. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दुसरा फायदाही समोर आला. उन्हात ही उघडी कातडी शरीरातली उष्णता बाहेर टाकते. थंडीत गिधाड मान आखडून, अंग चोरून बसतं आणि तीच कातडी झाकून घेतं. म्हणजे हे टक्कल एकाच वेळी पंखाही आहे आणि ब्लँकेटही!

पोट नव्हे, भट्टी

गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की त्याचा पीएच १ च्या आसपास जातो. मांसाबरोबर पोटात गेलेले बहुतेक जंतू तिथेच मरतात. अमेरिकेतल्या दोन जातींच्या गिधाडांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या चेहऱ्यावर सरासरी ५२८ प्रकारचे सूक्ष्मजीव सापडले, आतड्यात मात्र फक्त ७६! अँथ्रॅक्सने मेलेलं जनावर खाऊनही गिधाड सहसा आजारी पडत नाही, ते याच पोटामुळे.

मग घात कुठे झाला?

१९९० च्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडं मान टाकून बसलेली आणि मरून पडलेली दिसू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ही घट जगासमोर आणली. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं तब्बल ९९.९ टक्क्यांनी घटली.

सगळ्यांना वाटलं, एखादा रोग असावा. खरं कारण २००४ मध्ये समोर आलं, ते होतं डायक्लोफेनॅक. गुरांची सूज आणि वेदना कमी करणारं हे स्वस्त औषध. ते दिल्यावर लवकरच गुरू मेलं, तर औषधाचा अंश मांसात राहतो. पोटातलं आम्ल जंतू मारतं, पण हे रसायन आतड्यातून रक्तात जातं आणि मूत्रपिंड बंद पाडतं. मग युरिक आम्लाचे पांढरे कण अवयवांवर साचतात आणि काही दिवसांत गिधाड मरतं.

एकमेकांना पाहून जेवायला जमण्याची सवय इथे जिवावर बेतली. एका विषारी मढ्याभोवती अख्खा थवा जमायचा. शास्त्रज्ञांच्या हिशेबानुसार, शंभरातल्या एकाहून कमी मढ्यांत हे औषध असलं तरी एवढी घट होण्यासाठी पुरेसं होतं. त्यात गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे झालेलं नुकसान लवकर भरून निघत नाही.

किंमत आपणही मोजली

गिधाडं गेली आणि मेलेली जनावरं उघड्यावर सडू लागली. भटकी कुत्री वाढली, रेबीजचा धोका वाढला, पाणी दूषित होऊ लागलं. २००० ते २००५ या काळात यामुळे भारतात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला. मुंबईत मलबार हिलवरच्या पारशी दख्म्यांमध्येही गिधाडं उरली नाहीत, तेव्हा तिथे सौरऊर्जेचा आधार घ्यावा लागला.

आता काय?

भारताने २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक यांनाही गुरांसाठी मनाई झाली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढलेली काही गिधाडं २०२४ मध्ये आपल्या पेंच आणि ताडोबाच्या जंगलातही आणली गेली.

लाखो वर्षांत घडलेलं शरीर जंतूंशी लढायला तयार होतं, माणसाच्या औषधाशी नाही. तुमच्या घरी किंवा ओळखीत कुणाकडे गुरं असतील, तर औषध देताना पशुवैद्याला एवढंच विचारा, ‘हे गिधाडांना चालतं ना?’