काडतुसाचा गळा : पकडीच्या साधनांची कुळकथा

रायफलीचे काडतूस चार वस्तूंचे बनलेले असते : पितळेची पुंगळी, तिच्या तळाशी ठिणगी देणारी टोपी, पुंगळीच्या पोटातील दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. तांब्याला किंवा सुरईला असतो तसा पुंगळीलाही वरच्या बाजूस निमुळता गळा असतो, आणि गोळी या गळ्यात केवळ धातूच्या आवळण्यामुळे धरलेली असते. गळ्याचे आतले माप गोळीच्या जाडीपेक्षा एका इंचाच्या हजाराव्या भागाने, फार तर दोन-तीन हजारांशांनी, कमी ठेवलेले असते. गोळी आत शिरताना गळा किंचित फुलतो आणि मूळ मापाकडे परतण्याच्या ओढीने तिला घट्ट धरून ठेवतो. या धरण्याला इंग्रजीत गळ्याचा ताण म्हणतात. मराठीत त्याला पकड म्हणणे अधिक नेमके ठरेल. ही पकड प्रत्येक काडतुसात सारखी नसेल, तर गोळी सुटण्याच्या क्षणीचा दाब बदलतो, त्यासोबत तिचा वेग बदलतो, आणि हजार यार्डांवरच्या लक्ष्यावर तो फरक गोळ्यांच्या वर-खाली विखुरण्यातून उघड होतो.

काडतूस हा शब्द मराठीत पोर्तुगीज ‘कार्तुशू’पासून आला आणि त्याचे मूळ कागद या अर्थाच्या लॅटिन ‘कार्ता’मध्ये आहे. हे मूळ वस्तूच्या इतिहासाशी पूर्ण जुळते, कारण आरंभीचे काडतूस म्हणजे मोजलेली दारू आणि गोळी यांची कागदी पुडीच होती. ठासणीच्या बंदुकीत गोळी गजाने नळीत दाबून बसवली जाई, त्यामुळे तिला धरून ठेवण्याचे काम पुडीचे नसून नळीचे आणि गजाचे होते. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, 1549 मध्ये एका रूमी, म्हणजे तुर्की, ओताऱ्याने ओतलेली आणि पुढे विजापुरास गेलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ पाहिली, तरी तेथेही गोळा आणि नळी यांच्यात मोकळी जागाच असे. गोळी आधीपासून कशात तरी आवळून धरण्याचा प्रश्न बंदूक मागून भरली जाऊ लागली आणि पुडीची जागा धातूच्या पुंगळीने घेतली तेव्हाच उभा राहिला.

ब्रिटिश सैन्यात हा बदल 1860 च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. वुलिच येथील कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी स्नायडर रायफलीसाठी पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेली पुंगळी तयार केली. 1871 मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे काडतूसही आरंभी याच पद्धतीचे होते. गुंडाळलेला पत्रा तापलेल्या बंदुकीत अडके व फाटे, म्हणून पुढे एकाच पितळी चकतीला दाबून-ओढून अखंड पुंगळी करण्याची रीत रूढ झाली. पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना 1869 मध्ये सुरू झाला होता, म्हणजे या स्थित्यंतराचा काळ आणि महाराष्ट्रातील या उद्योगाचा आरंभ एकच आहे. 1880 च्या दशकाच्या शेवटी .303 इंच मापाचे काडतूस आले, त्याची गोळी बारीक व पुंगळी रुंद असल्याने दोहोंच्या मध्ये अखंड पितळ दाबून गळा घडवावा लागला, आणि अशा गळ्यासोबत त्याचे दुखणेही आले.

हे दुखणे हिंदुस्थानातच प्रथम ठळकपणे दिसले, ही गोष्ट धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही सांगितली जाते. छावण्यांत पावसाळाभर घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांचे गळे, कोणी हात न लावता, उभे तडकू लागले. ऋतूशी असलेल्या संबंधामुळे या तडकण्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले, परंतु कारण बराच काळ उमगले नव्हते. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी मांडलेल्या अभ्यासातून उलगडा झाला : घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेतील तांब्याशी संयोग पावतो, आणि थंड अवस्थेत दाबून घडवलेल्या पितळेत जो ताण दबून राहिलेला असतो, तो अमोनियाने कुरतडलेल्या रेषेवर धातूला फाडतो. दोहोंपैकी एकच कारण असते तर तडा गेला नसता. गोळीला धरून ठेवणारा आवळ आणि गळा फाडणारा ताण हे एकाच धातूच्या दोन वर्तणुकी आहेत, हे यातून स्पष्ट झाले, आणि या इतिहासात याहून मोलाचा धडा दुसरा नाही. त्यावर उपाय ठरला तो गळा तापवून धातूतील दबलेला ताण सोडवण्याचा. कोरड्या जागी साठवण ही त्याला जोड होती.

हा उपाय नगरच्या तांबट आळीत कोणाला नवा वाटला नसता. 1803 च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला व पुढे तेथे मोठी छावणी वसली, त्या काळातही शहराची ओळख लुगड्यांबरोबर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी होती. 1884 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या अहमदनगर खंडात या धंद्याची नोंद आहे. तांबट पत्रा ठोकून घागर घडवतो, तेव्हा हातोडीच्या प्रत्येक घावाने धातू कठीण होत जातो, आणि एका मर्यादेनंतर तो वळण्याऐवजी फाटतो. म्हणून तो मधून-मधून भांडे भट्टीत घालून ताव देतो, म्हणजे लाल होईपर्यंत तापवून पुन्हा नरम करतो, आणि सर्वांत शेवटी मठारकाम करतो, म्हणजे हलक्या हातोडीने घाव एकसारखे उमटवून भांड्याला हवा तेवढा कठीणपणा देतो. कठीणपणा ठोकण्याने येतो आणि तापवण्याने जातो, या एका नियमावर त्याचा सारा हिशेब चालतो. काडतुसाचे पितळ साधारण 70 भाग तांबे व 30 भाग जस्त यांचे असते, आणि त्याच्या गळ्याचा नियमही हाच आहे. फरक इतकाच की पुंगळीचा तळ कठीणच राहावा लागतो, म्हणून आच फक्त गळ्यापुरती द्यावी लागते. सैनिकी काडतुसांच्या गळ्याशी जो निळसर-तांबूस पट्टा दिसतो तो या आचेचाच डाग असून, आच दिली गेली आहे हे तपासनीसाला दिसावे म्हणून तो पुसला जात नाही.

पकड मोजून-मापून सारखी करण्याची साधने मात्र कारखान्यात जन्मली नाहीत. ती अमेरिकेतील अशा नेमबाजांच्या टेबलावर घडली, जे झाडलेली पुंगळी टाकून न देता पुन्हा भरत. तेथे 1884 मध्ये जॉन बार्लो यांनी स्थापन केलेल्या ‘आयडियल’ कंपनीने अडकित्त्यासारख्या दोन मुठींचे एक हत्यार विकायला काढले, ज्यात पुंगळीचा गळा पुन्हा आवळण्याची आणि गोळी बसवण्याची सोय एकत्र होती. 1925 मध्ये ही कंपनी ‘लायमन’कडे गेली. पुढच्या साच्यांत गळा प्रथम प्रमाणाबाहेर आवळायचा आणि मग आतून एक पोलादी गोलक ओढून तो हव्या मापाला फुलवायचा, अशी रीत आली. या रीतीत धातू दोनदा मळला जातो आणि गोलक ओढताना गळा कधी वाकडाही होतो, हे दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेल्या ‘बेंचरेस्ट’ नेमबाजांच्या ध्यानात आले. टेबलावर रायफल टेकवून शक्य तितक्या लहान वर्तुळात गोळ्या मारण्याच्या या खेळात माणसाच्या हाताची चूक जवळजवळ नाहीशी होते, म्हणून काडतुसाची चूक डोळ्यांत भरते. त्यातून बदलता येणाऱ्या कड्यांचे साचे आले, ज्यांत हजारांश इंचाच्या टप्प्यांनी वाढणाऱ्या कड्यांतून हवी ती निवडून गळा बाहेरून एकदाच आवळता येतो. त्याच्या जोडीला गळ्याच्या भिंतीची जाडी सगळीकडे सारखी तासणारे हत्यार आणि आतले माप शेवटी पक्के करणारी गुळगुळीत पोलादी सळई आली.

ही सारी साधने माप सांगतात, धातूचा कठीणपणा सांगत नाहीत. दोन गळ्यांचे माप तंतोतंत सारखे असूनही एक अनेकदा झाडून कठीण झालेला आणि दुसरा नवा असेल, तर कठीण गळा आवळल्यावर अधिक उसळून परत फुलतो आणि पकड वेगळी पडते. ती उणीव भरण्यासाठी गोळी बसवताना किती जोर लागला हे काट्यावर दाखवणारा हातदाब आला, आणि मग नेमबाज पुन्हा आचेकडे वळले. आधी गॅसच्या ज्योतीवर, रंग पाहून गळे तापवले गेले. पण रंग हा पृष्ठभागावरच्या थराचा असतो आणि आतल्या नरमपणाची खात्री देत नाही. गेल्या दशकात न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ‘एएमपी’ या यंत्राने चुंबकीय प्रेरणाने ठरावीक क्षणांपुरती आच देण्याची सोय केली, आणि ती आच ठरवण्यासाठी त्या जातीची एक पुंगळी यंत्रात खर्ची घालावी लागते. तांबटाने नजरेने ओळखलेला ताव अशा रीतीने आकड्यांत उतरला, आणि त्याला इतकी वर्षे लागली याचे कारण हेच की मापाचे हत्यार करणे सोपे होते आणि धातूच्या स्वभावाचे करणे अवघड.

महाराष्ट्रात ही टेबलावरची परंपरा रुजली नाही, कारण शस्त्र अधिनियम, 1959 नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. येथे गळ्याची पकड ठरते ती खडकीत आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यात, जे दोन्ही 2021 पासून ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या कंपनीत आहेत. सैनिकी काडतुसांबाबत गोळी ओढून काढण्यास किती जोर लागतो याची चाचणी घेण्याचा प्रघात आहे, म्हणजे पकड मापाने न जोखता प्रत्यक्ष ओढून जोखली जाते. खेळाडूंची स्थिती निराळी आहे. 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत किंवा 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे हे 50 मीटर रायफल प्रकारात .22 इंच मापाचे काडतूस वापरतात, ज्याच्या ठिणगीचे द्रव्य पुंगळीच्या काठातच भरलेले असल्याने ते पुन्हा भरता येत नाही, आणि ज्याच्या गोळीचे बूड पुंगळीच्या तोंडात दाबून पक्के केलेले असते. पकड हातात नसल्याने या स्तरावरचे नेमबाज निवड करतात : रायफलीची नळी शिकंज्यात आवळून वेगवेगळ्या घाण्यांची, म्हणजे कारखान्यात एका खेपेस तयार झालेल्या साठ्यांची, काडतुसे एकामागून एक झाडली जातात, कागदावरची छिद्रे मोजली जातात, आणि ज्या घाण्याची छिद्रे सर्वांत दाटीने पडली त्याच घाण्याचा साठा स्पर्धेसाठी विकत घेतला जातो.