परलोकातील चारशेएक चाकर

कोलकाता, बडोदे, हैदराबाद, जयपूर अशा शहरी नोकरीनिमित्त ज्यांचे राहणे झाले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी तेथील वस्तुसंग्रहालयातील इजिप्शियन ममी पाहिली असेल. तिच्याकडे पाहता पाहता मनुष्य क्षणभर गंभीर होतो. परंतु प्राचीन इजिप्शियनांचे मन जाणून घ्यावयाचे असेल, तर ममीपेक्षा तिच्या प्रतिकृतीच अधिक बोलक्या आहेत, असे मला वाटते.

पहिली प्रतिकृती दुकानातली. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की, प्रेत घेऊन आलेल्या आप्तांना कारागीर रंगविलेले लाकडी नमुने दाखवीत. नमुने तीन आणि भावही तीन. उत्तम प्रकारात मेंदू नाकावाटे आकड्याने काढीत, कुशीला छेद देऊन आतडी काढीत आणि पोट खजुरीच्या मद्याने धुऊन सुगंधी द्रव्यांनी भरीत. मग देह नॅट्रॉनमध्ये ठेवीत. कैरोच्या वायव्येस वादी नत्रून येथील सरोवरांत मिळणारा हा क्षार आपल्या पापडखाराचा सगोत्रच होय. तो देहातील पाणी शोषून घेई आणि कुजणे थांबे. मध्यम प्रकारात छेद न देता पोटात तेल भरीत. गरिबाच्या वाट्याला पोटाची धुलाई आणि क्षार एवढेच येई. म्हणजे मृत्यूने सर्वांस एका पंक्तीस बसविले, तरी कारागिराच्या दारात पंक्तिभेद पुन्हा सुरू होई.

दुसरी प्रतिकृती थडग्यातली. वीतभर उंचीची, ममीसारखी गुंडाळलेली, हाती कुदळ घेतलेली ही बाहुली म्हणजे ‘शब्ती’. इजिप्शियनांच्या कल्पनेतील परलोकातही शेते होती, कालवे होते आणि म्हणून वेठही होती. मालकाच्या नावाने वेठीची हाक आली की, त्याच्या जागी शब्तीने ‘ओ’ देऊन कामास उभे राहावे, असा मंत्र तिच्या अंगावर लिहीत. गारेच्या पिठाचा लगदा मातीच्या साच्यात दाबून भाजला, की तांब्याच्या योगाने तिला निळी-हिरवी झिलई चढे. साचा एक आणि चाकर शेकडो!

आरंभी एखादी बाहुली पुरेशी वाटे. पुढे वर्षाच्या प्रत्येक दिवसास एक याप्रमाणे ३६५ चाकर आणि दर दहांवर एक याप्रमाणे ३६ मुकादम, असा ४०१ जणांचा ताफा रूढ झाला. मुकादमाच्या हाती कुदळीऐवजी चाबूक असे. १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात तर महिन्यागणिक आणखी एक, असे १२ अधिकारी धरून ४१३ शब्ती निघाल्या. ज्याच्या शब्दावर सारा देश राबे, त्या राजालाही वेठीचे भय सुटले नव्हते! आणि स्वर्गाची कल्पना करतानाही या लोकांना मुकादम वगळता आला नाही, हे वाचून कचेरीत आयुष्य घालविलेल्या आपल्यासारख्यांस हसू येईल.

परंतु ते हसू फार वेळ टिकत नाही. ब्रिटिश म्यूझियममध्ये ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाच्या आरंभीच्या काळातील एक पपायरस आहे. ३६५ शब्ती आणि ३६ मुकादम यांची किंमत चांदीत पोहोचल्याची, अमोन देवाच्या मंदिरातील एका मूर्तिकाराने दिलेली ती पावती होय. त्यात तो त्या बाहुल्यांनाच बजावतो की, तुमचे मोल चुकते झाले आहे, आता मालकाची चाकरी करा. भाजलेल्या बाहुलीचेही मोल दिल्यावाचून तिच्याकडून काम घेऊ नये, ही न्यायबुद्धी त्या व्यवहारात होती. नाईलकाठी जे हाडामांसाचे लोक वेठीस धरले जात, त्यांच्या वाट्याला ती किती आली असेल?

पुन्हा कधी संग्रहालयात जाणे झाले, तर ममीभोवतीची गर्दी सोडून शेजारच्या कपाटात अशी एखादी शब्ती उभी आहे का, ते पाहावे. जिच्या मालकाने मोल मोजले, त्याची वेठ टळली. ज्याला ती बाहुली विकत घेणे परवडले नाही, त्याला मात्र मेल्यावरही हाकेला स्वतःच ‘ओ’ द्यावी लागणार होती.