पुढच्या हुकाचे कूळ

रुतलेली गाडी ओढून काढण्यासाठी चॅसीच्या पुढच्या टोकाला बसवलेला हुक पिकअप ट्रकपेक्षा वयाने बराच मोठा आहे. त्याचे पूर्वज तोफखान्यात सापडतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय मैदानी तोफांच्या आसाला, चाकांच्या बाहेरच्या बाजूस, कडी असलेले वॉशर बसवलेले असत. घोडे जुंपता येत नसत तिथे गोलंदाज या कड्यांत दोरांचे हुक अडकवून तोफ हाताने ओढत. ओढण्याची जागा आधीच ठरलेली असावी आणि ती गाड्याच्या मजबूत भागाला जोडलेली असावी, हा शहाणपणा तिथे पक्का झाला होता.

मोटार आली तेव्हा हा शहाणपणा मागे पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतले गावाबाहेरचे बहुतेक रस्ते मातीचे होते. पावसात मोटार रुतली की जवळचा शेतकरी घोडे घेऊन येई आणि दोर सरळ पुढच्या आसाला किंवा स्प्रिंगच्या टोकाला बांधला जाई. गाडी निघे, पण पुष्कळदा आस किंवा स्टिअरिंगची दांडी वाकवूनच. 1916 साली टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याला ओढ्यात पडलेली फोर्ड मॉडेल टी बाहेर काढायची होती. दोर, कप्पी आणि सहा माणसे लावून हे काम तासन्‌तास चालले, असे सांगितले जाते. त्या अनुभवातून होम्सने जुन्या कॅडिलॅकवर खांब, कप्पी आणि साखळी बसवून गाड्या ओढणारी गाडी तयार केली. तिथून ओढणाऱ्याची सोय झाली. ओढल्या जाणाऱ्या गाडीला नेमके धरायचे कुठे, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर लष्कराला शोधावे लागले. 1919 च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याचा मोटार ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. 3,251 मैलांचे अंतर कापायला त्याला 62 दिवस लागले. निरीक्षक म्हणून सोबत गेलेल्या तरुण अधिकाऱ्यांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ड्वाइट आयझेनहॉवर होते. नेब्रास्काची रेती आणि युटाचे खारे वाळवंट यांत ट्रक वारंवार रुतले. विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारे यंत्र, बसवलेल्या मिलिटर नावाच्या ट्रॅक्टरने ते एकामागून एक ओढून काढले. गाडी रुतणे हा अपघात नसून प्रवासाचाच भाग आहे आणि तिची रचना ते धरूनच व्हायला हवी, हे या ताफ्याइतके ठसठशीतपणे क्वचितच कोणी दाखवले असेल.

फोर्डने 1925 मध्ये मॉडेल टीला कारखान्यातच मागे छोटा हौदा बसवून विकायला सुरुवात केली आणि पिकअप जन्माला आला. शेतकऱ्याच्या या गाडीला पुढे हुक देण्याचा रिवाज तेव्हा नव्हता. तो दुसऱ्या महायुद्धातून आला. जीएमसी या अमेरिकन कंपनीचा अडीच टनी सहाचाकी ट्रक साडेपाच लाखांहून जास्त संख्येने बनला. त्याच्या चॅसीच्या दोन्ही पुढच्या टोकांना भक्कम हुक असत आणि काही ट्रकांना विंचही. आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे काढलेल्या रस्त्यावर पावसाळ्यात हेच ट्रक चिखल तुडवत होते. युद्ध संपताच डॉजने आपला लष्करी ट्रक ‘पॉवर वॅगन’ या नावाने 1946 मध्ये शेतकरी, लाकूडतोडे आणि वीजतारा टाकणाऱ्या कंपन्यांसाठी बाजारात आणला. लष्करी हुक नागरी पिकअपच्या घरात आला तो असा.

पुढे पिकअप घरगुती गाडी झाला आणि हुक जादा पैशांच्या यादीत गेला. फोर्ड एफ-150 सारख्या गाड्यांत चारही चाके ओढणाऱ्या प्रकाराला तो कारखान्यातून मिळतो, दोन चाकांच्या प्रकाराला बहुधा नाही. चॅसी मात्र पुष्कळदा एकच असते आणि बोल्टची भोकेही तयार असतात. त्यामुळे मालकाने मागाहून हुक बसवण्याची प्रथा पडली.

हे काम दिसते तितके साधे नाही. हुक स्वतः घडीव पोलादाचा असतो आणि सहसा तुटत नाही. तुटतो तो बोल्ट, किंवा फाटतो तो चॅसीचा पत्रा. म्हणून कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे, सहसा 10.9 वर्गाचे बोल्ट लागतात आणि प्रत्येक हुकाला निदान दोन. पेटीसारख्या पोकळ चॅसीत नुसता बोल्ट आवळला तर पत्रा आत दबतो. तिथे भोकात पोलादी नळी घालून बोल्ट तिच्यातून न्यावा लागतो. चॅसीवर वेल्डिंग करून हुक चिकटवणे धोक्याचे, कारण उष्णतेने भोवतालच्या पोलादाची ताकद बदलते. पुढच्या टोकांची रचना टकरीत ठरावीक रीतीने चेपण्यासाठी केलेली असते, म्हणून तिथे मनाने भर घालणेही योग्य नाही. जहाजावर किंवा ट्रेलरवर गाडी बांधून ठेवण्यासाठी दिलेल्या कड्या तर हुकासारख्याच दिसतात, पण त्यांना फक्त गाडी जागेवर धरायची असते. रुतलेली गाडी ओढताना त्या उखडतात.

किती ताकदीचा हुक हवा, यावर दोन वेगवेगळी उत्तरे रूढ झाली. युरोपीय समुदायाच्या 1977 च्या निर्देशाने प्रत्येक मोटारगाडीला पुढे ओढण्याची जागा सक्तीची केली आणि तिने गाडीच्या कमाल वजनाच्या निदान निम्म्याइतका ताण सोसावा असे ठरवले. बंद पडलेली गाडी डांबरी रस्त्यावरून नेण्यास एवढे पुरते. आपल्याकडे महामार्गावर बंद पडलेल्या ट्रकला टोचन लावतात, ते काम याच जातीचे. चिखलाचा हिशेब निराळा आहे. अमेरिकन लष्कराच्या पुस्तिकांनुसार गाडी चाकांच्या उंचीपर्यंत रुतली असेल तर तिच्या वजनाइतका रोध धरायचा, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट आणि केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. म्हणजे 3,000 किलोच्या पिकअपसाठी रस्त्यावरचा नियम दीड टन मागतो आणि खोल चिखल नऊ टन. ‘ओढायचा हुक’ आणि ‘रुतलेली गाडी काढायचा हुक’ या दोन वस्तू वेगळ्या मानायला हव्यात, त्या याच फरकामुळे.

दोन हुकांना एकच दोर विभागून लावण्याची रीत भार वाटण्यासाठी आहे. मात्र दोराच्या दोन पायांमधला कोन 60 अंश असेल तर प्रत्येक हुकावर एकूण ओढीचा सुमारे 58 टक्के भार येतो आणि कोन 120 अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण ओढ येते. दोर लांब घेऊन कोन लहान ठेवायचा तो यासाठी.

नायलॉनने हुकाचे रूपही बदलले. साखळी किंवा तारेचा दोर ताणला जात नाही, नायलॉनचा पट्टा ताणला जातो. ओढणारी गाडी थोडी पळून पट्टा ताणते आणि त्यात साठलेली ऊर्जा रुतलेल्या गाडीला झटका देते. ही पद्धत ऑस्ट्रेलियात फार रुजली. झटक्याआधी पट्टा सैल असतो, तेव्हा उघड्या तोंडाच्या हुकातून तो निसटू शकतो. त्यामुळे उघड्या हुकाऐवजी बंद भोकाची जाड पट्टी आणि तिच्यात शॅकल (खिळीने बंद होणारी कडी) अशी जोडी पसंत होऊ लागली. आता शॅकलही पोलादाऐवजी हलक्या, अतिबळकट धाग्याच्या दोराची वापरतात, कारण काही तुटलेच तर उडणारे वजन कमी असते.

हा धोका काल्पनिक नाही. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला झटक्याचा पट्टा अडकवल्याने गोळा तुटून उडाला आणि माणसे दगावली, असे ऑस्ट्रेलियात घडले आहे. तिथे 2010 मध्ये अशा पट्ट्यांसाठी सक्तीचे मानक आले. पट्ट्याची तुटण्याची किमान क्षमता गाडीच्या कमाल वजनाच्या दोन ते तीन पट असावी आणि ओढताना माणसांनी दूर राहावे, या सूचना आता त्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पट्ट्यावर छापाव्या लागतात.